कागदाचा पळस

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं आणि स्मरणिकेत लिहायचं आमंत्रण मोबाइलवर आलं तेव्हा मी सांगलीला एका लग्नाच्या स्टेजवर, शिडीवर उभा होतो. खाली पोरं प्लास्टिकच्या फुलांचे गठ्ठे सोडत होती. शाळेवर लिहायचं म्हणजे निकाल, ढाली, स्नेहसंमेलनं यायला पाहिजेत. ते बाकीचे लिहितीलच. मला कार्यानुभवाच्या बाईंशिवाय दुसरं काही आठवेना.

बाई अस्सल कोल्हापूरच्या पेठेतल्या. 'मी आलो', 'मी बघतो' असंच बोलायच्या. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही, आमच्या आयाही तशाच बोलायच्या.

सातवीत असताना, शिमग्याच्या आठवड्यात, त्यांनी वर्गात क्रेप कागदाच्या गुंडाळ्या आणल्या. चैत्रगौरीच्या आरासाला घरी फुलं करता यावीत म्हणून. खळ त्यांच्या घरचीच, मैद्याची. आंबू नये म्हणून चिमूटभर तुरटी घातलेली. देठाला खराट्याचे हीर. मी पळस करायला घेतला, कारण केशरी कागद माझ्या वाट्याला आला होता. पाकळ्या कापल्या, पण ताणायला गेलो तर ताणेनात. बाईंनी कागद उजेडात धरला. "चुण्या आडव्या आल्या रे तुझ्या. चुण्या उभ्या ठेवून काप, मग दोन अंगठ्यांनी मधोमध दाब." दाबलं तर पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा आला. त्या वयात मला ती जादूच वाटली.

मग मी जोरात आलो. गुलाबासारखी गोल गोल फुलं केली, फांदीभर हिरवी पानंही लावली आणि टेबलावर नेऊन ठेवली. बाई रागावल्या नाहीत. "पळस बघितलास का कधी?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो. खोटंच.

दुसऱ्या दिवशी त्या पन्हाळ्याच्या बाजूनं कुणाकडून तरी खरी फांदी मागवून घेऊन आल्या. एकही पान नाही. काळपट मखमली देठ आणि पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी. 'किंशुक' म्हणजे 'पोपट आहे की काय', हे मला संस्कृतच्या तासाला नाही, कार्यानुभवाच्या तासाला कळलं. बाईंनी एक फूल सोडवून दाखवलं : मागे एक पाकळी, बाजूला दोन, आणि चोच म्हणजे दोन पाकळ्या जोडलेल्या. माझ्या फांदीवरची पानं मी स्वतः उपटली, फुलंही पुन्हा नव्यानं केली. त्या वर्षी तृतीयेला बाईंच्या घरी गौरीच्या पायऱ्यांच्या एका बाजूला ती फांदी उभी होती. कैरीची डाळ आणि पन्हं घेताना आलेल्या बायका विचारायच्या, "ही खरी?" बाई माझ्याकडे बोट दाखवायच्या. इतकं कौतुक मला पुढे दहावीच्या निकालालाही मिळालं नाही (तो तसा होताही यथातथाच).

आज माझ्याकडे बारा माणसं आहेत, दोन टेम्पो आहेत, कोल्हापूरपासून निपाणीपर्यंत मंडप सजवतो. कागदाचं फूल कुणी मागत नाही. पावसाचा शिंतोडा पडला की क्रेपचा रंग उतरतो, नवरीच्या शालूवर डाग पडतो, हे मलाही कळतं. पण कार्यानुभवाच्या तासाला आता मुलं तयार साहित्याची पाकिटं फोडून चिकटवतात असं ऐकलं, ते काही बरं वाटलं नाही. पाकिटात पाकळ्या आधीच कापलेल्या असतात म्हणे. मग चुण्या आडव्या येणार कशा?

समारंभाच्या स्टेजचं काम मी मागून घेतलंय, बिनपैशाचं. हीर जुळवून झालेत, देठाला काळ्या शाईत रंगवलेला कागद गुंडाळून झालाय. फुलं साठ करायची आहेत, चाळीस झालीत. बाईंना आता कमी दिसतं असं समजलं, म्हणून एक फांदी त्यांच्या हातात देण्यासाठी वेगळी ठेवलीय. चाचपून बघतील. चोच काही अजून त्यांच्यासारखी वळत नाही.