सर्व्हर बदलला, पण जुनं उत्तर कधी जातं?

आमची वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायची होती. ज्याला विचारावं तो म्हणे, "२४ ते ४८ तास लागतात, थांबा." हे तास नेमके जातात कुठे, ते मला बघायचं होतं.

वेबसाइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा आयपी पत्ता सांगते ती यंत्रणा म्हणजे डीएनएस. त्यातली आपली नोंद, म्हणजे रेकॉर्ड, बदलला म्हणजे तो कुणी जगभर पोचवत नाही. आपल्या नेमसर्व्हरवर, म्हणजे हे रेकॉर्ड जिथे ठेवलेले असतात तिथे, नवा पत्ता जवळपास लगेच दिसतो. पण लोकांचे फोन थेट त्याला विचारतच नाहीत. ते विचारतात रिझॉल्व्हरला, म्हणजे त्यांच्या वतीने पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, इंटरनेट कंपनीच्या किंवा गूगलच्या ८.८.८.८ सारख्या. एकदा मिळालेलं उत्तर तो कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि मुदत संपेपर्यंत सगळ्यांना तेच देतो. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं तेव्हापासून हे त्याच्या रचनेतच आहे. मुदत म्हणजे टीटीएल, सेकंदांत. आमचा होता ८६४००, म्हणजे अख्खा दिवस.

म्हणून खरं काम बदलाच्या आधीचं. टीटीएल ३०० वर आणला आणि पूर्ण दिवस पत्त्याला हात लावला नाही, कारण मुदत कमी झाल्याचंही रिझॉल्व्हरला जुनी मुदत संपल्यावरच कळतं. घाईत हीच पायरी गाळली जाते.

मग पत्ता बदलला आणि टर्मिनलवर डिग, म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड, चालवत बसले. आमच्या नेमसर्व्हरला विचारलं, नवा पत्ता. ८.८.८.८ ला विचारलं, जुना, शेजारी २१२, म्हणजे मुदतीचे उरलेले सेकंद. थोड्या वेळाने १९४. पुढच्या खेपेला आकडा एकदम वर! ८.८.८.८ या एका पत्त्यामागे अनेक सर्व्हर असतात आणि त्यांच्या कॅश वेगवेगळ्या, त्यामुळे प्रत्येकाची उलटी मोजणीही वेगळी. आकडे संपत गेले तसा नवा पत्ता दिसू लागला.

जुना सर्व्हर चालूच होता, आलेली प्रत्येक विनंती नव्याकडे पाठवत. काही रिझॉल्व्हर मुदत पाळत नाहीत, काही प्रोग्राम स्वतःच उत्तर धरून बसतात. अशा वाटेने कुणी फॉर्म भरला तर तो हरवायला नको.

एक सबडोमेन, म्हणजे मुख्य नावाआधी शब्द जोडून केलेलं नाव, नवं करायचं होतं. सहकाऱ्याने रेकॉर्ड तयार व्हायच्या आधीच ते उघडून पाहिलं, आणि रेकॉर्ड आल्यावरही त्याला "असं नाव नाही" हेच येत राहिलं. नकारही कॅशमध्ये राहतो. त्याची मुदत एसओए या डोमेनच्या मूळ माहितीच्या रेकॉर्डवरून ठरते. आधी रेकॉर्ड, मग लिंक, हे तेव्हापासून पक्कं.

नेमसर्व्हरच बदलायचे तर गोष्ट वेगळी. आपले नेमसर्व्हर कोणते ही नोंद डॉट कॉमच्या रजिस्ट्रीकडे, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची यादी सांभाळणाऱ्या संस्थेकडे, असते; तिची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, आणि ती आपल्याला कमी करता येत नाही. म्हणून जुन्या आणि नव्या दोन्ही नेमसर्व्हरवर अगदी सारखे रेकॉर्ड ठेवले. मेल कुठे पोचवायची ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड तर दोनदा तपासला, मेल अडकली तर लोकांची कामं अडतात. जुन्या कंपनीचं खातं ती मुदत उलटल्यावरच बंद केलं.