चार मिनिटं

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

चिमी माझ्या उजव्या दंडावर झोपली आहे. हाताला मुंग्या आल्यात, पण हात काढला की ती उठेल, म्हणून डाव्या अंगठ्यानं मोबाइलवर हे लिहितेय.

कालपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. काल संध्याकाळी मी तिला पाळण्यात ठेवलं, दार लोटलं आणि ओट्यावर जाऊन बसले. ती रडत होती आणि मी उठून गेले. पोट भरलेलं होतं, दुपटं कोरडं होतं, ढेकर काढून झाला होता. घड्याळात 7:28 झाले होते. परत आले तेव्हा 7:32. चारच मिनिटं. पण मी गेले.

दिवेलागणीला तिचं सुरू होतं. आधी खालचा ओठ बाहेर येतो, मग हनुवटी थरथरते. गुडघे पोटाशी घेते, मुठी इतक्या आवळते की उघडून पाहिल्या तर तळव्यावर नखांचे बारीक चंद्र उमटलेले असतात. आणि मग तो लांबलेला टाहो, ज्याच्या शेवटी क्षणभर श्वासच येत नाही. तेवढा वेळ माझाही येत नाही. हे साडेदहा-अकरापर्यंत. रोज.

काय केलं नाही? कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघून, तिचं पोट शेकलं. पाय धरून सायकल चालवली. हातावर पालथी घेतली, डोकं माझ्या कोपरात, पाय दोन्हीकडे लोंबते, आणि अंगणात फेऱ्या घातल्या. आईनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. रिकामा मिक्सर लावला की ती खरंच थांबते, टक लावून ऐकते. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. परवा मिक्सरला जळका वास यायला लागला तेव्हा तेही सोडलं.

डॉक्टर म्हणाले, कॉलिक आहे. जन्मताना 2 किलो 900 ग्रॅम होती, आता 3 किलो 950. ताप नाही, हिरवी उलटी नाही, शी नीट होते. दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यातून 3 दिवसांहून जास्त, 3 आठवड्यांहून जास्त रडत असेल आणि बाळ एरवी ठणठणीत असेल तर त्याला हे नाव देतात, म्हणे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. कशानं होतं, याचं एक नक्की उत्तर नाही. मला ते उत्तर हवं होतं. मुरडा आहे, गुबारा धरलाय, माझ्या खाण्यातलं काही बाधलंय, काहीही चाललं असतं. गुटी द्यायची नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, हेही त्यांनी सांगितलं. आईनं वेखंड, मुरडशेंग, जायफळ सगळं आणून ठेवलं होतं. काही बोलली नाही. सहाण धुतली आणि फळीवर पालथी घातली. त्यावर अजून आम्ही बोललेलो नाही.

ओट्यावर बसले तेव्हा वारा होता. शेजारी कुणाचा तरी कुकर होत होता. आणि मला बरं वाटलं. हेच ते. मला बरं वाटलं. तिचा आवाज दारातून दबून येत होता आणि पहिलं मिनिटभर तरी तो दुसऱ्या कुणाच्या बाळाचा असावा तसा मी ऐकला. परत आत जाऊच नये, असंही मनात येऊन गेलं.

आणि त्याच वेळी पान्हा फुटला. गाऊन पुढून भिजला. मी उठलेही नव्हते, उठायचं मनात नव्हतं, आणि दूध मात्र तिच्या आवाजाला गेलं. तेव्हापासून हेच चाललंय डोक्यात. दूध धावलं, मी का नाही?

सगळे विचारतात, बाळ झोपलं का. व्हिडिओ कॉलवरही तेच, "दाखव ना चिमीला." मी फोन तिच्याकडे वळवते. मी झोपले का, हे गेल्या 39 दिवसांत मालिशवाल्या मावशींनी एकदा विचारलं होतं, त्याही माझे पाय चोळता चोळता. चिमीच्या बाबाविषयी आज नको लिहायला. तोही तिकडे एकटाच आहे. रजेच्या 26 आठवड्यांतले साडेपाच गेले, तेही नको.

आज दुपारी फोनवर डॉक्टरांना विचारलं, पाळण्यात ठेवून थोडा वेळ बाहेर गेलं तर? मी गेले होते असं सांगितलं नाही. ते लगेच म्हणाले, असह्य झालं की तेच करायचं. उताणी, सुरक्षित ठेवायची, पाच-दहा मिनिटं बाजूला जायचं, शांत होऊन परत यायचं. रागाच्या भरात बाळाला कधीच गदागदा हलवायचं नाही, मेंदूला इजा होते. म्हणजे मी केलं ते बरोबर होतं. ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण बरोबर आहे म्हणून मी गेलेच नव्हते ना.

आज सात वाजता चिमीनं ओठ काढला. आई पोळ्या करत होती. तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले आणि माझ्याकडून तिला घेतली. म्हणाली, "जा, तुळशीपाशी दिवा लावून ये. घाई करू नकोस." एवढंच. काल ती परसात होती. ओटा तिथून सरळ दिसतो.

वाऱ्यानं वात धरेना. तीन काड्या गेल्या. आत चिमीचा टाहो आणि आईचं "अगं अगं अगं" एका लयीत चाललं होतं. मला आजही बरं वाटलं, कालच्याइतकंच. पदराआड हात धरून ज्योत स्थिर होईपर्यंत थांबले, मग आत गेले. आईनं काही न बोलता तिला माझ्या खांद्यावर दिली. रडतच होती. हिंगाचा वास येत होता तिला. अकराला दहा कमी असताना झोपली, काल अकरा वाजून गेले होते.

आता हात काढून बघते.