डस्टर पडेल की पडणार?

आठवीचा वर्ग, शेवटचा तास, निम्मी मुलं पेंगलेली, आणि इंग्रजीच्या बाईंनी काही न बोलता डस्टर टेबलाच्या कडेला ठेवला आणि एका बोटाने हळूहळू पुढे सरकवायला लागल्या. "सांगा, काय होईल?" कोणीतरी म्हणालं, पडेल. बाईंनी अजून जरा ढकलला, अर्धा डस्टर हवेत, आणि मग सगळा वर्ग ओरडला, पडणार, पडणार! पडलाच. पहिल्या बाकावरच्या आम्ही खडूच्या धुळीने शिंकत बसलो. बाई म्हणाल्या, आत्ता जे ओरडलात ना तेच गोइंग टू. इट इज गोइंग टू फॉल. समोर दिसतंय म्हणून 'पडणार', आणि नुसता आपला अंदाज असेल तर 'पडेल', आय थिंक इट विल फॉल.

त्याआधी आमचा भविष्यकाळ म्हणजे नुसती घोकंपट्टी, आय आणि वुई आलं की शॅल, बाकी सगळ्यांना विल, आणि निश्चय दाखवायचा असेल तर बरोब्बर उलटं. त्यावरचा तो जुना जोक बाईंनीच सांगितला होता, बुडणारा माणूस ओरडतोय 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' आणि व्याकरण पाळणारे काठावरून शांतपणे बघतायत, कारण नियमाने त्याचा अर्थ 'मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवलं तर'. पुढे वाचलं की हा नियम जॉन वॉलिसच्या १६५३ सालच्या व्याकरणात आहे, पुस्तक लॅटिनमध्ये आणि लेखक गणितज्ञ, मग बरोबर आहे! आता रोजच्या बोलण्यात शॅल उरलंय ते मुख्यतः 'शॅल वुई गो?' असं विचारण्यापुरतं.

गोइंग टू पचायला मात्र वेळ लागला, कारण आमच्या डोक्यात गोइंग म्हणजे जाणं. इट इज गोइंग टू रेन म्हटल्यावर मागून एकाने विचारलं, बाई पाऊस कुठे चाललाय? तोच मुलगा बाईंनी हाक मारली की 'आलोच' म्हणायच्या ऐवजी 'आय केम, आय केम' म्हणत धावायचा, आणि खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हतीच, आपण मराठीत न आलेला माणूस 'आलो' म्हणतो आणि 'उद्या येते' म्हणून वर्तमानकाळातच उद्याचं उरकतो. 'उद्या येते'ला बाई 'आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो' म्हणायला लावायच्या, भेट ठरलीये, वेळ ठरलीये, म्हणून.

बाईंचं 'णार'चं सूत्र सगळीकडे चालत नाही हेही सांगते, 'तो आत्ता घरी असणार' याला इंग्रजीत विलच लागतं, ही विल बी अ‍ॅट होम नाऊ. पण नव्वद टक्के वेळा माझी गाडी त्यावर चालली. सगळ्यात कामाला आलं ते दुसरंच, 'फाइल येईल तेव्हा सांगते' असं मनात म्हटलं की तोंडातून 'व्हेन द फाइल विल कम' निघतंच, म्हणून बाई म्हणायच्या मनातलं मराठीच बदला, 'फाइल आली की सांगते' म्हणा, मग विल मधे घुसणार नाही. व्हेन इट कम्स, आय विल टेल यू. हे कुठल्या गाईडात नव्हतं.

एवढं शिकूनही पहिल्या नोकरीत फजिती झालीच. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं क्लायंटला फोन कोण करेल, कोणीच हलेना, म्हणून मी उत्साहात म्हटलं 'आय अ‍ॅम गोइंग टू कॉल देम'. साहेब चमकले, म्हणाले अच्छा, म्हणजे तुमचं आधीच ठरलंय, मग आम्हाला का नाही सांगितलं? तिथल्या तिथे अंगावर घेतलेल्या कामाला 'आय विल कॉल' म्हणायचं होतं, वर्गात कोणी दार वाजवलं की आम्ही म्हणायचो तसं, आय विल ओपन इट.

या स्मरणिकेच्या लेखासाठी वर्गमित्राचा फोन आला तेव्हा मी कामात होते, म्हटलं देईन रे. तो म्हणाला, "देईन नको, देणारे म्हण, आणि तारीख सांग." पाऊस कुठे चाललाय विचारणारा तोच हा.