ड्रम कोअरचा पहिला सीझन: मे ते ऑगस्ट, बस आणि जिमची फरशी

आमच्या डॅलसच्या ओळखीतल्या काही मुलांच्या आया ऑडिशनचं विचारत होत्या म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ड्रम कोअर म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत चालत वाजवणारं, आकृत्या करणारं पथक. त्यांच्या स्पर्धा घेणारी संस्था डीसीआय, म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल, चॅम्पियनशिप १९७२ पासून, मुख्य स्पर्धेला वय २१ पर्यंतच. पथकाचं पूर्ण नाव ड्रम अँड ब्यूगल कोअर, पण आता ट्रम्पेट, मेलोफोन, बॅरिटोन, ट्यूबा असं सगळं पितळी, शिवाय ड्रम्स आणि कलरगार्ड (झेंडे फिरवत नाचणारे). क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाल्यांनी वाद्य बदलायची तयारी ठेवा. मी मेलोफोन.

ऑडिशन थंडीतच सुरू होतात, आधी व्हिडिओ, मग कॅम्प. फी काही हजार डॉलर, हप्त्याने भरता येते, पण विमानभाडं, बूट, कॅम्पला जाणंयेणं हे वेगळं, ते आधीच हिशोबात धरा नाहीतर बाबा मार्चमध्ये कपाळाला हात लावतात.

खरी मजा (म्हणजे हाल) मे मधल्या स्प्रिंग ट्रेनिंगला. वाजवता सगळ्यांनाच येत असतं, तिथपर्यंत आलोय म्हणजे येतंच, पण पाच यार्डात आठ पावलं, प्रत्येक पाऊल साडेबावीस इंच, तेही मागे मागे चालत आणि वाजवताना आवाज हलू न देता, हे पायांना शिकवायला दिवसचे दिवस जातात. प्रत्येकाच्या कमरेला छोटी डॉट बुक लटकवलेली. त्यात प्रत्येक सेटला (म्हणजे आकृतीला) आपण नेमकं कुठे उभं राहायचं ते, म्हणजेच आपला डॉट, उदाहरणार्थ मैदानावरच्या ४५ यार्डाच्या रेषेच्या दोन पावलं बाहेर, फ्रंट हॅशच्या (मैदानातल्या पुढच्या तुटक खुणांच्या) सहा पावलं मागे. माईकवरून "रीसेट" आलं की पळत मागच्या डॉटवर, आणि तेच सोळा काउंट (मात्रा) परत. आणि परत. ऐकायचं मागच्या ड्रमलाइनचं (चालत ड्रम वाजवणाऱ्यांचं), पुढे एका जागी उभ्या मरिंबावाल्यांचं ऐकून वाजवलंत तर गेलात, कारण मैदानाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाच्या वर लागतो आणि तेवढ्यात ताल फाटतो.

त्यामुळे माझं म्हणणं एकच, एप्रिलमध्ये हॉर्नपेक्षा पायांवर आणि झोपेवर मेहनत घ्या. रोज दुपारच्या उन्हात चाला, धावा. बुटांचे दोन जोड, एक वाळत असताना दुसरा. गॅलनभराचा पाण्याचा जग, तो सगळीकडे बरोबर न्यायचा. एसपीएफवाला लिप बाम, ओठ भाजले की मेलोफोन वाजवून दाखवा बरं.

जूनच्या अखेरीपासून टूर. शो संपला, जेवलं, की बस, रात्रभर प्रवास, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये उतरून फरशीवर गादी फुगवायची, काही तास झोप की परत मैदान. एकट्यापुरतीच हवेची गादी घ्या आणि पंक्चरचं ठिगळ सोबत ठेवा. बसमध्ये बहुतेक झोप बसूनच होते, मानेची उशी चैन नाही.

जेवण फूड ट्रकमधून, दिवसातून चारदा. शाकाहारी असाल तर फॉर्मवर आधीच लिहा, मिळतं, पण जुलैपर्यंत बीन्स बघवत नाहीत. आईने शेंगदाण्याची चटणी भरून दिलेली, ती पहिल्याच दिवशी परत पाठवली, आमच्या बसमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जीवाला मुलगा होता. जवसाची किंवा मेतकूट न्या, तेही आधी विचारून. मेतकूट-भात आमच्या सेक्शनमध्ये हिट झाला, ट्यूबावाले मागायला यायचे!

सॅन अँटोनियोचा अलामोडोम छताखाली आहे, आवाज घुमून परत येतो, तिथे कानावर नाही, ड्रम मेजरच्या (समोर उभं राहून हाताने ताल देणाऱ्याच्या) हातांवर विश्वास ठेवा. ॲलनटाउनचं स्टेडियम मात्र उघडं, जुनं, आणि तिथले प्रेक्षक प्रत्येक मोठ्या कॉर्डला उठून उभे राहतात, मला तिथेच पहिल्यांदा वाटलं की हे सगळं करण्यासारखं आहे. स्कोअर शंभरातून असतो, आठवड्यागणिक चढतो, पण बसमध्ये दर रात्री दशांश मोजत बसू नका, डोकं फिरतं.

शेवट इंडियानापोलिसला लुकास ऑईल स्टेडियममध्ये. गुरुवारी प्रिलिम्स (पहिली फेरी), त्यातली २५ पथकं शुक्रवारी सेमीफायनलला, १२ शनिवारी फायनलला. आम्ही शुक्रवारपर्यंत. शनिवारी स्टँडमध्ये बसून बाकीच्यांना ओरडून ओरडून घसा बसवला.

आईबाबांनो, हॉटेल लवकर बुक करा, आणि तिकीट खालचं नको, वरचं आणि ५० च्या रेषेजवळचं घ्या, आकृत्या वरूनच कळतात. आधीच्या एखाद्या गावातल्या शोला जमलं तर तास-दोन तास आधी पोचा, पार्किंगमध्ये वॉर्मअप चालू असतो, ड्रमलाइन अगदी जवळून ऐकता येते. कानात बोळे घालून जा.