दसऱ्याची गाडी आणि प्लग कॅपमधलं पाणी

गाडी धुवायची म्हणजे काय, पाईप धरायचा, शाम्पू फासायचा, परत पाणी मारायचं, झालं. गेल्या दसऱ्यापर्यंत माझी समज एवढीच होती.

आमच्याकडे 2006 ची काळी स्प्लेंडर प्लस आहे, पप्पांची, पण आता मीच फिरवतो. खंडेनवमीला दिवसभर पावसाची रिपरिप, म्हणून धुणं दसऱ्याच्या सकाळवर गेलं. नळ आला नव्हता मग बोअरची मोटर लावली, पाईपचं तोंड अंगठ्याने दाबून समोरून असा फवारा मारला की इंजिनच्या फटींतला सगळा चिखल बाहेर. वरवर फडकं फिरवलं, झेंडूचा हार घातला, आईने हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आता लिंबू चिरडायला गाडी पुढे घ्यायची तर चालूच होईना. चोक ओढला, किका मारून मारून घाम फुटला. पप्पा पायरीवर बसून शांत बघतायत. शेवटी म्हणाले, "प्लगची कॅप काढून बघ की जरा."

कॅप म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगवरचं रबरी टोपण, ती काढली तर आतून पाण्याची धारच लागली. या गाडीचं इंजिन आडवं असतं, हेड (प्लग बसतो ते टोक) पुढच्या चाकाकडे, त्यामुळे समोरून मारलेलं पाणी थेट प्लगवर जातं आणि जुनी झालेली रबरी कॅप ते आत घेते. मग करंट पाण्यातूनच परस्पर बॉडीला जातो, प्लगच्या टोकाला ठिणगी पडतच नाही. ताईचा हेअर ड्रायर आणला, पाच मिनिटं कॅपमध्ये हवा मारली, दुसऱ्या किकला चालू.

लिंबू फुटलं आणि मी श्रीखंड आणायला निघालो. कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली, मागचा ब्रेक दाबला तर लागलाच नाही, पुढचाही तसाच मऊ. दोन्ही ड्रम ब्रेक, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी) आणि ड्रमच्या मध्ये पाणी. पाय घासत घासत कसाबसा थांबलो. हार हँडलवरून घसरून मीटरवर आलेला आणि रिक्षावाला काका हसतोय.

तेव्हापासून धुण्याला वीस मिनिटं आणि वाळवण्याला पाऊण तास असा हिशोब आहे. फिरवून आणली की आधी अर्धा तास सावलीत उभी करतो, तापलेल्या इंजिनवर आणि सायलेन्सरवर गार पाणी नको, आणि शाम्पूही गरम पत्र्यावर लगेच वाळून डाग धरतो. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर (चालू करायच्या आधी काढायची, हे लिहितोय म्हणजे समजून घ्या). चिखल आधी भिजवून वाहून जाऊ द्यायचा, कोरड्या मातीवर फडकं घासलं की काळ्या टाकीवर गोल गोल रेघा उठतात त्या जन्मात जात नाहीत. कपड्याची पावडर अजिबात नको, पॉलिश खाते. चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) आणि कोनसेटवर (हँडलच्या मुळाशी असलेल्या बेअरिंगवर) जोरात पाणी नको, आतलं ग्रीस निघून जातं, वॉशिंग सेंटरला प्रेशर मारतात तेव्हा मला आता बघवत नाही.

आणि पुसायला पप्पांचं जुनं बनियन. मायक्रोफायबर आणलं होतं, चांगलं आहे, पण बनियन ते बनियन. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की थेंब उन्हात वाळला की पांढरा ठिपका बसलाच. टाकीवर डाव्या बाजूला असे सात-आठ आहेत, दसऱ्याच्या दिवशीचेच, नख लावून बघितलं तर किंचित खरखरीत लागतात. म्हणून शेवटचा हात साठवलेल्या नळाच्या पाण्याचा आणि वाळायच्या आत पुसून मोकळं.

पाणी लपतं कुठे ते हळूहळू कळतं. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोबणीत असतं, तसंच झाकण उघडलंत तर थेंब थेट पेट्रोलमध्ये. सीटखाली, आरशाच्या दांड्यांच्या मुळाशी, इंडिकेटरच्या मागे, आणि स्पोक जिथे रिमला मिळतात तिथे, गंज तिथूनच सुरू होतो. साईड स्टँडवरून मेन स्टँडवर दोन-तीनदा घेतली की कुठून कुठून पाणी गळतं बघा. मग चालू करून थोडा वेळ तशीच ठेवायची, इंजिनच्या उष्णतेने बाकीचं वाळतं. त्यानंतर गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर, हळू, दोन्ही ब्रेक अलगद दाबत दाबत. आधी काही लागत नाही, मग जरा कुरकुरतात, मग एकदम धरतात. धरले की मगच मेन रोड. हिची चेन पूर्ण कव्हरमध्ये आहे म्हणून ते काम वाचतं, उघडी चेन असेल तर पुसून ऑईल सोडायचं विसरू नका.

मागच्या रविवारी असंच सगळं साग्रसंगीत केलं. पप्पा चहाचा कप घेऊन बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून टाकीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, ओलं बोट माझ्याच टीशर्टला पुसलं आणि "राहिलंय" म्हणून आत गेले.