सर, ही नळी आज काढायची का?

वॉर्डात सिस्टर म्हणून माझा एक आग्रह असतो. राउंडला डॉक्टर आले की लघवीच्या प्रत्येक नळीबद्दल विचारायचं, "सर, आज काढायची का?" नळी आत राहिली की लघवीत जंतू होण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. लघवी अडलीय, मोठं ऑपरेशन झालंय, तर ती हवीच. पण म्हातारं माणूस अंथरूण ओलं करतं म्हणून नळी घालून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

लघवीची ही नळी, म्हणजे फोलीची नळी, आत टिकते ती टोकाजवळच्या फुग्यामुळे. त्यात साधारण १० मिली निर्जंतुक पाणी भरलेलं असतं. "आजोबा, ओढू नका हं" असं मी पुन्हापुन्हा सांगते ते याचसाठी. फुगा भरलेला असताना हिसका बसला तर मूत्रमार्गाला जखम होऊन रक्त येतं.

नळीसकट घरी जाणाऱ्यांनो, पिशवी कमरेच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकवू नका. रिक्षात बसताना ती मांडीवर घेतात, तेव्हा लघवी उलटी आत जाऊ शकते. नळी जिथून आत जाते ती जागा रोज साबण-पाण्याने धुवा. पिशवीत लघवी येईनाशी झाली तर आधी नळीला पीळ पडलाय का बघा. पीळ नसेल आणि ओटीपोट फुगत असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.