नागदेवीतले एक इंची बेअरिंग

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रातोरात मुंबई गाठली, यापलीकडे त्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. क्रॉफर्ड मार्केट ओलांडून नागदेवी स्ट्रीट या यंत्रांच्या सुट्या भागांच्या बाजारात शिरल्यावर मात्र हातगाड्यांचे धक्के चुकवीत चालणे हेच मोठे काम होऊन बसले, आणि या गल्लीत खरेदीला हौसेने येणाऱ्यांविषयी मला अजूनही आश्चर्य वाटते.

पिशवीत आमच्या जुन्या बीएसए या ब्रिटिश मोटारसायकलच्या एक सिलिंडरी इंजिनातले, क्रँकशाफ्ट म्हणजे फिरता मुख्य दांडा पेलणारे बेअरिंग होते. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ते व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीने मोजून दिले होते: आतला व्यास एक इंच, बाहेरचा अडीच इंच आणि रुंदी पाऊण इंच. तरीही पहिल्या काही दुकानांनी माप न विचारताच ६३०५ क्रमांकाचे बेअरिंग पुढे केले. त्याची मापे २५, ६२ आणि १७ मिलिमीटर, तर आमची २५.४, ६३.५ आणि १९.०५. यावर ‘आतून ग्राइंड करा, बाहेरून स्लीव्ह घाला’ असा सल्ला इतक्या सहजपणे मिळाला, की तापलेल्या ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कवचात, ती स्लीव्हची पातळ कडी जागा सोडेल तेव्हा इंजिन पुन्हा कोण खोलणार, हे विचारण्याचीही इच्छा उरली नाही. एका दुकानात तर नव्याकोऱ्या खोक्यातल्या बेअरिंगवरचा क्रमांक नखाने खरवडताच निघून येत होता.

गल्लीच्या आतल्या अंगाला एका वृद्ध दुकानदारांनी, ज्यांना सगळे चाचा म्हणत होते, आधी मला स्टूल दिले, मग चहा मागवला आणि त्यानंतरच बेअरिंग हातात घेतले. रॉकेलने पुसून त्यांनी भिंगाखाली अक्षरे वाचली: एमजे १. हेच बेअरिंग हॉफमनच्या यादीत एमएस १० आणि दुसऱ्या काही कंपन्यांच्या यादीत आरएमएस ८ म्हणून सापडते. रॅन्सम अँड मार्ल्स, हॉफमन आणि पोलार्ड या कंपन्या १९६९ मध्ये एकत्र येऊन आरएचपी झाली, तेव्हापासून खोक्यांवर तेही नाव आले, असे त्यांनी सांगितले. रिंगेवरची तीन बारीक वर्तुळे मी धूळ समजून पाहिलीही नव्हती. ती म्हणजे आजचे सी ३, गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक असल्याची खूण. आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसते आणि बाहेरच्या रिंगेपेक्षा अधिक तापते, त्यामुळे गोळ्यांची मोकळीक कमी होते. म्हणून ती मुळातच जास्त ठेवलेली असते. तीन वर्तुळांऐवजी दोन वर्तुळांचे बेअरिंग कोणी दिले, तर फुकट मिळाले तरी घेऊ नका, असे त्यांनी बजावले.

त्यांच्या माळ्यावर ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेले एकच बेअरिंग निघाले, तेही दोन वर्तुळांचे. विकता आले असते, पण त्यांनी ते परत ठेवले आणि तिन्ही यादींतले क्रमांक बिलाच्या कोऱ्या कागदावर लिहून दिले. पैसे चहाचेही घेतले नाहीत. त्या कागदावरून बेअरिंग शेवटी इंग्लंडहून मागवले. त्यावरचे टपाल आणि सीमाशुल्क मिळून बेअरिंगपेक्षा महाग पडले.